ऑपेराच्या पलीकडची इटली

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधला चौडय्या मेमोरियल हॉल पाहिलाय? अख्खी इमारतच व्हायोलिनच्या आकाराची! सात तारांचं व्हायोलिन वाजवणारे कर्नाटक संगीतातले टी. चौडय्या यांचं हे स्मारक. हे वाद्य मात्र मूळचं इटलीचं, सोळाव्या शतकात घडलेलं.

तरीही इटालियन संगीत म्हटलं की आपल्याला आठवतो तो ऑपेरा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रसिकांनाही त्याचंच वेड होतं. त्या झगमगाटात फक्त वाद्यवृंदासाठी लिहिणारे मागे पडले. ज्युसेप्पे मार्तुची त्यातलेच. त्यांनी दोन सिम्फनी लिहिल्या, ऑपेरा एकही नाही.

त्यांचे शिष्य ओत्तोरिनो रेस्पिगी यांची 'पाइन्स ऑफ रोम' ही रचना १९२४ची. गाणारं कुणी नाही, तरी रोमच्या पाइन वृक्षांखालची चार दृश्यं डोळ्यांपुढे येतात: खेळणारी मुलं, भुयारी दफनभूमी, चांदणी रात्र आणि पहाटेच्या धुक्यातून चालत येणारं सैन्य. रात्रीच्या दृश्यात नाइटिंगेल पक्षी गातो, तोही खरा! त्याच्या आवाजाची ग्रामोफोन तबकडी वाद्यवृंदासोबत वाजवा, असं रेस्पिगींनी लिहूनच ठेवलंय.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९८५ ते २०१७ फ्लॉरेन्सच्या माजिओ म्युझिकाले वाद्यवृंदाचे प्रमुख होते. रेस्पिगींची 'रोमन फेस्टिव्हल्स' ही रचना त्यांनी ध्वनिमुद्रितही केली आहे.

सुरुवात 'पाइन्स ऑफ रोम'पासून करा. जेमतेम वीस-बावीस मिनिटं लागतील. मुलांना सोबत घ्या आणि पक्षी गायला लागल्याचं आधी कुणाला कळतं, ते बघा!