वाढीव शक्तीच्या मोटारीसाठी क्लचची निवड : मुंबई उपनगरांतील वापराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

इंजिनात बदल करून मोटारीची शक्ती वाढविली, की मूळ क्लच बहुधा अपुरा ठरतो. नवा क्लच निवडताना 'तो जास्तीत जास्त किती टॉर्क पेलतो' हा एकच प्रश्न विचारला जातो. प्रस्तुत लेखात घर्षण, उष्णता आणि पेडलवरील जोर या तीन बाबींचा सोप्या गणिताने विचार केला आहे. गर्दीच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या मोटारीस सर्वांत बळकट क्लच नव्हे, तर गरजेपुरता बळकट व मृदू पकडीचा क्लच योग्य ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : क्लच, टॉर्क, घर्षणगुणांक, उष्णता, प्रेशर प्लेट, मुंबई उपनगर

१. प्रस्तावना

मुंबई उपनगर आणि मोटार यांचे नाते जुने आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी ही १०८९ घनसेंमी क्षमतेची, सुमारे ४० अश्वशक्तीची गाडी होती. टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत या शहरात धावली. तिच्या क्लचविषयी चालकाला फारसा विचार करावा लागत नसे. प्लेट झिजली की तशीच दुसरी बसवायची, एवढाच व्यवहार होता.

टर्बो इंजिनाच्या मोटारी आल्यावर हे चित्र बदलले. २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आणि २०११ मध्ये लॉरा व्हीआरएस या गाड्या भारतात विक्रीस आल्या. लॉरा व्हीआरएसचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन १६० अश्वशक्ती व २५० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे होते. अशा इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे बोलीभाषेत 'रिमॅप' करून, टॉर्क बराच वाढविता येतो. अशा बदललेल्या मोटारी आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड या भागांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

या लेखाचे निमित्त एका माजी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आहे. त्याने आपल्या मोटारीचे इंजिन रिमॅप केले आणि काही महिन्यांतच क्लच घसरू लागला. गॅरेजमध्ये त्याला 'सगळ्यात तगडा' म्हणून सिरॅमिक तुकड्यांचा क्लच बसवून देण्यात आला. घसरणे थांबले, परंतु गर्दीत गाडी थरथरू लागली. एका संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर शिरताना ती झटका देऊन बंद पडली आणि मागून येणारी बस थोडक्यात थांबली. 'सर, महागडा क्लच घेऊनही असे का झाले?' हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न यंत्रशास्त्राचा असला तरी त्याचे उत्तर पदवीपूर्व भौतिकशास्त्राच्या चौकटीत देता येते.

२. उद्दिष्टे

१) क्लचची टॉर्क पेलण्याची क्षमता कोणत्या घटकांवर अवलंबून असते, ते स्पष्ट करणे.
२) शर्यत आणि शहरी गर्दी या दोन्ही स्थितींत क्लचमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेची तुलना करणे.
३) उपनगरांतील वापरासाठी निवडीचे निकष सुचविणे.

३. क्लचचे कार्य

इंजिन सतत फिरत असते. चाके मात्र थांबतात आणि पुन्हा चालू लागतात. या दोहोंना जोडणारा व तोडणारा दुवा म्हणजे क्लच होय. इंजिनाच्या फ्लायव्हीलला घर्षण-अस्तर लावलेली क्लच प्लेट टेकलेली असते. प्रेशर प्लेटमधील डायाफ्राम स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग हा दाब काढून घेते आणि प्लेट मोकळी होते. पेडल हळूहळू सोडताना प्लेट काही काळ घसरत पकड घेते. हे घसरणे म्हणजे दोष नव्हे. गाडी धक्क्याविना सुरू होते ती त्यामुळेच. पकड पूर्ण झाल्यावरही घसरण चालू राहिली, तरच तो दोष ठरतो.

तो ओळखण्याची सोपी खूण आहे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. क्लचला अश्वशक्ती पेलावी लागत नाही, टॉर्क (आघूर्ण) पेलावा लागतो. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. टर्बो इंजिन मधल्या फेऱ्यांतच भरपूर टॉर्क देते. म्हणून तेवढ्याच अश्वशक्तीच्या साध्या इंजिनापेक्षा ते क्लचवर अधिक भार टाकते. डायनोवर मिळणारा आकडा बहुधा चाकांपाशी मोजलेला असतो. गिअरबॉक्समध्ये होणारी घट त्यात मिळविली तरच क्लचवरील खरा भार कळतो.

४. क्षमतेचे सूत्र आणि एक उदाहरण

क्लचची क्षमता पुढील सूत्राने मिळते :

टॉर्क = घर्षणपृष्ठांची संख्या × घर्षणगुणांक × दाब × सरासरी त्रिज्या

उदाहरणादाखल एक कल्पित पण वास्तवाशी जुळणारा क्लच घेऊ. प्लेट एक, म्हणजे घर्षणपृष्ठे दोन. अस्तराचा बाहेरील व्यास २४० मिमी व आतील १६० मिमी. म्हणून सरासरी त्रिज्या ०.१ मीटर. घर्षणगुणांक ०.३ आणि स्प्रिंगचा दाब ५,५०० न्यूटन मानू. तेव्हा क्षमता २ × ०.३ × ५,५०० × ०.१ = ३३० न्यूटन-मीटर येते.

मूळ इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर असेल, तर सुमारे ३२ टक्के राखीव क्षमता उरते. ही राखीव क्षमता म्हणजे चैन नव्हे. क्लच तापला की सेंद्रिय अस्तराचा घर्षणगुणांक घटतो. तो ०.२५ पर्यंत उतरला, तर क्षमता २७५ होते. मूळ इंजिनासाठी ती अद्याप पुरेशी आहे. रिमॅपनंतर मात्र टॉर्क ३५० झाला, तर थंड क्लचसुद्धा तो पेलू शकत नाही. म्हणजे दोष क्लचच्या दर्जात नसून हिशेबात असतो.

३५० न्यूटन-मीटरवर २५ टक्के राखीव धरल्यास सुमारे ४४० न्यूटन-मीटर क्षमता हवी. तेथे पोहोचण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग दाब वाढविण्याचा. दाब ७,३०० न्यूटन केल्यास क्षमता ४३८ होते. घर्षणगुणांक ०.२५ वर उतरला, तरी ३६५ उरते. अस्तर तेच राहत असल्याने पकड मृदू राहते. त्याची किंमत डावा पाय मोजतो, कारण इतर रचना तीच असेल तर पेडल सुमारे एकतृतीयांशाने जड होते. रिलीज बेअरिंग व क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरील भारही वाढतो.

दुसरा मार्ग अस्तर बदलण्याचा. धातुचूर्ण व सिरॅमिक यांच्या मिश्रणाच्या तुकड्यांचा घर्षणगुणांक ०.४ धरला, तर मूळ दाबातच ४४० मिळतात आणि पेडल जड होत नाही. हे अस्तर उष्णताही चांगली सोसते. परंतु त्याची पकड एकदम येते. अर्धवट घसरत ठेवण्याची मुभा फारच थोडी मिळते, म्हणून गर्दीत गाडी थरथरते किंवा बंद पडते. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर झिजतो.

तिसरा मार्ग दोन प्लेटांचा. घर्षणपृष्ठे चार झाल्याने केवळ ३,६७० न्यूटन दाबात ४४० गाठता येतात. बळकटी वाढूनही पेडल हलके ठेवण्याचा हा मार्ग आहे. मात्र किंमत बरीच अधिक पडते, अनेक संचांत खडखडाट होतो आणि गिअरबॉक्सच्या कवचात पुरेशी जागा असावी लागते. जागेच्या याच अडचणीमुळे व्यास वाढविण्याचा चौथा मार्ग सहसा बंद असतो.

५. उष्णतेचा हिशेब : शर्यत आणि रहदारी

वरील विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर उष्णतेच्या हिशेबात आहे. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर गाडी सुरू केली, तर क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी ऊर्जा गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. १,५०० किलो वजनाच्या गाडीची पकड ताशी १५ किमी वेगाला पूर्ण होत असेल, तर ही ऊर्जा सुमारे १३ किलोज्यूल येते. शर्यतीतल्याप्रमाणे फेरे चढवून ताशी ३० किमीला पकड पूर्ण केली, तर ती ५२ किलोज्यूल होते. वेग दुप्पट, उष्णता चौपट.

एवढ्यावरून शर्यतच क्लचची खरी शत्रू आहे असे वाटेल. आता उड्डाणपुलाचा चढ पाहू. चढ पाच टक्के आहे, पुढची रांग थांबली आहे आणि चालकाने ब्रेक न लावता गाडी 'हाफ क्लच'वर तोलून धरली आहे. पहिल्या गिअरमध्ये यासाठी क्लचला सुमारे १८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर प्रतिसेकंद सुमारे १.९ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. अर्ध्या मिनिटात ती ५५ किलोज्यूलच्या पुढे जाते. म्हणजे उड्डाणपुलावर अर्धा मिनिट हाफ क्लचवर थांबणे हे क्लचच्या दृष्टीने शर्यतीतील एका सुरुवातीएवढेच महाग पडते.

ही उष्णता जाते कोठे? ५ किलो वजनाच्या ओतीव लोखंडी प्रेशर प्लेटने त्यातील निम्मी शोषली असे मानले, तर साध्या सुरुवातीमागे तिचे तापमान सरासरी ३ अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ क्षुल्लक दिसते, परंतु थंड होण्यास उसंत न देता अशा तीस सुरुवाती झाल्या की तीच सुमारे ८५ अंशांवर जाते. प्रत्यक्ष घर्षणपृष्ठ तर त्याहून कितीतरी अधिक तापते. हलके फ्लायव्हील बसविण्याची हौस येथेच अंगाशी येते, कारण वस्तुमान घटविले की उष्णता साठविण्याची जागाही घटते.

लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तेथे भाग घेणारी गाडी दिवसाकाठी मोजक्या वेळा झेप घेते आणि प्रत्येक झेपेनंतर तिला थंड होण्यास वेळ मिळतो. तीच गाडी सोमवारी सकाळी लाल बहादूर शास्त्री मार्गावर मुलुंडहून घाटकोपरकडे निघते, तेव्हा तिला तशी विश्रांती मिळत नाही. शर्यतीसाठी निवडलेला क्लच तेथे घसरत नाही हे खरे. पण तो चालकाला हळुवारपणे सुरुवातही करू देत नाही. त्यामुळे चालक फेरे चढवितो, पेडल अधिक वेळ अर्धे धरतो आणि पर्यायाने उष्णता वाढवितो.

६. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात.

१) प्रथम टॉर्क मोजावा, नंतर क्लच निवडावा. 'स्टेज १', 'स्टेज २', 'स्टेज ३' या संज्ञांना सर्वमान्य प्रमाण नाही. विक्रेत्याकडून न्यूटन-मीटरमधील आकडाच मागावा.
२) मोजलेल्या टॉर्कवर २० ते ३० टक्के राखीव पुरेशी आहे. त्याहून फार बळकट क्लच घेतल्यास झटक्याचा भार गिअरबॉक्स व ॲक्सलवर जातो. क्लच हा काही अंशी फ्यूजचे काम करतो, हे विसरू नये.
३) रोजच्या वापरासाठी सेंद्रिय अस्तर, मध्यभागी स्प्रिंग असलेली प्लेट आणि वाढीव दाबाची प्रेशर प्लेट हा संच प्रथम विचारात घ्यावा. गुडघ्याचा त्रास असल्यास व ऐपत असल्यास सेंद्रिय अस्तराचा दोन प्लेटांचा संच पाहावा. सिरॅमिक तुकडे केवळ शर्यतीच्या गाडीस योग्य होत.
४) प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलावेत. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी पुन्हा पुन्हा देणे परवडत नाही. फ्लायव्हील तपासून घ्यावे. ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध बसविल्यास आवाज व कंपने वाढतात, हे आधीच समजून घ्यावे.
५) नवा क्लच बसविल्यावर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण टॉर्क टाकू नये. अस्तर व पृष्ठभाग एकमेकांस नीट बसल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही.
६) जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ही काळजी मालकापेक्षा गॅरेजमधील मुलांसाठी अधिक महत्त्वाची आहे.

७. कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात याच भूमिकेस दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या बदलांसाठी मालकास शिक्षेची तरतूद आहे. झिजलेला क्लच बदलणे ही दुरुस्ती होय. परंतु ज्या वाढीव शक्तीमुळे तो बदलावा लागतो, तिच्याविषयी परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे आधीच विचारणा करणे शहाणपणाचे ठरते. विमा कंपनीपासून लपविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण होऊ शकतो.

८. निष्कर्ष

क्लच निवडणे म्हणजे ताकदीची स्पर्धा नव्हे, तर तीन गरजांचा समतोल साधणे होय : टॉर्क पेलणे, उष्णता सोसणे आणि हळुवार सुटणे. सूचीपत्रात ठळकपणे छापली जाते ती पहिली. उपनगरातील चालकाला दिवसभर गाठ घालावी लागते ती उरलेल्या दोघींशी.

सदर विद्यार्थ्याने वरील हिशेब स्वतः करून पाहिला आणि सिरॅमिक प्लेट काढून सेंद्रिय अस्तराचा, वाढीव दाबाचा संच बसविला. पेडल जड झाल्याची त्याची तक्रार आहे. पण महामार्गावर शिरताना गाडी आता बंद पडत नाही. घर्षणाचे जे सूत्र त्याने परीक्षेपुरते पाठ केले होते, त्याच सूत्राकडे त्याला परत यावे लागले. विज्ञान शिकविणाऱ्यांनी वर्गात क्लचचे उदाहरण अवश्य घ्यावे, असे यावरून सुचवावेसे वाटते. सूत्रातील प्रत्येक अक्षराला रस्त्यावर किंमत मोजावी लागते, हे त्यातून विद्यार्थ्यांना लवकर कळेल.