दाराशी उभा असलेला अधिकारी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर भीषण स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात मृत्युमुखी पडले. म्हणून देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शौर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मी मात्र आज शिस्तीबद्दल बोलणार आहे.

नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका जुन्या वाड्याला आग लागली होती. एक आजीबाई शिलाई मशीनसाठी रडत होत्या. मी कुणालाही न सांगता मागच्या दाराने आत शिरलो आणि मशीन बाहेर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दाराशी आमच्या साहेबांनी माणसं मोजली, तर एक कमी. मला शोधायला त्यांनी दोघांना आत पाठवलं. जिना खचला आणि त्यातल्या एकाचा पाय मोडला. साहेब मला एवढंच म्हणाले, "मशीन मिळालं. त्याची किंमत कोणी दिली, ते बघून ये."

त्या दिवशी मला दाराशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचं काम कळलं. धुरात जाणारा जवान पाठीवर हवेची बाटली घेतो. तिची क्षमता ४५ मिनिटांची म्हणतात, पण जिने चढताना धाप लागली की हवा बरीच आधी संपते. आतल्या माणसाला धुरात वेळेचं भान राहत नाही. म्हणून कोण, किती वाजता, किती हवा घेऊन आत गेला, हे बाहेर फळ्यावर लिहायचं आणि वेळ भरत आली की माणूस परत बोलवायचा. बोलावल्यावर त्याने वाद न घालता यायचं.

दुसरं काम इमारत वाचण्याचं. आपल्या जुन्या नाशकात लाकूड-मातीचे कितीतरी वाडे अजून उभे आहेत. अशा ठिकाणी आग तुळई खाते आणि आपणच मारलेलं पाणी माळवदात मुरून वजन वाढवतं. एका पाइपातून मिनिटाला ३०० लिटर धरलं, तरी दहा मिनिटांत तीन टन पाणी होतं. सगळंच आत साचत नाही, पण जळक्या तुळईला थोडंही जड. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली. त्या दुर्घटनेत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. आपल्या माणसांच्या पुढे उभे राहणारे हे लोक. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. त्यांच्या जाण्याने आम्हा सर्वांपुढे एक प्रश्न ठेवला : आत जीव अडकलेला नसेल, तर किती धोका पत्करायचा?

त्याचं उत्तर आगीच्या दारात शोधायला वेळ नसतो. ते केंद्रावर, शांत दिवशी ठरतं. सकाळच्या हजेरीला, कवायतीला, बाटलीतली हवा रोज तपासण्यात ठरतं. "साहेब, ती भिंत मला बरी दिसत नाही," असं काल भरती झालेला पोरगा बोलू शकतो का आणि साहेब ते ऐकून घेतो का, यात ठरतं. जिथे असं बोलणाऱ्याला भित्रा म्हणतात, तिथे पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

श्रोतेहो, यात तुमचाही वाटा आहे. आग लागली की गर्दी ओरडते, "नुसते उभे काय राहिलात? आत जा!" आत माणूस अडकला असेल, तर ते सांगा : कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत. ही माहिती लाखमोलाची. पण वाचवायला फक्त सामान उरलं असेल आणि अधिकारी "मागे या" म्हणत असेल, तर त्याला हिणवू नका. तो माणसं मोजत असतो. गेली तेवढी परत आली, की त्याचं काम झालं.