साडेअठरा डॉलर, रोज, माणशी!

क्रूझचं तिकीट काढताना जो आकडा दिसतो, तो शेवटचा आकडा नसतो. जहाजावर पाय ठेवला की तुमच्या नावाचं खातं उघडतं आणि त्यात रोज न चुकता एक रक्कम चढत राहते. कुणी तिला ग्रॅच्युइटी म्हणतं, कुणी सर्व्हिस चार्ज. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर २०२५ मध्ये साध्या केबिनसाठी हा दर होता माणशी रोज साडेअठरा डॉलर, स्वीटमध्ये उतरलेल्यांसाठी २१. नॉर्वेजियनवर २०२३ पासून २० आणि २५. कार्निव्हलवर त्याच वर्षी तो १६ आणि १८ झाला.

आईबाबा आणि दोन मुलं सात रात्रींसाठी निघाली, की साडेअठराच्या दराने झाले ५१८ डॉलर. रुपयांत चाळीस हजारांच्या वर! यात किनाऱ्यावरची सहल नाही, वायफाय नाही, कोकचा ग्लाससुद्धा नाही. कार्निव्हलवर दोन वर्षांखालच्या आणि नॉर्वेजियनवर तीन वर्षांखालच्या बाळांना माफी आहे. त्यापुढे एसटीसारखं अर्धं तिकीट इथे चालत नाही. आठ वर्षांच्या मुलीची टिप बाबांइतकीच.

२०२४ च्या जुलैपासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या जाहिरातीतल्या दरात बंदराचे कर आणि शुल्क धरू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या नव्या कायद्याने त्यांना ते करायला लावलं. टिप मात्र त्या आकड्याच्या बाहेरच राहिली.

जातात कुठे हे पैसे?

डिस्नीच्या जहाजांवर काही वर्षांपूर्वी हा दर १२ डॉलर होता, तेव्हा त्याची फोड अगदी उघड सांगितली जायची: वेटरला ४, त्याच्या मदतनिसाला ३, हेड वेटरला १ आणि केबिन आवरणाऱ्याला ४. डिस्नीवर रोज वेगळ्या रेस्टॉरंटात जेवायला बसवतात, पण वेटरची जोडी तीच, तुमच्याबरोबर टेबलं बदलत येणारी. दुसऱ्या दिवशी तिला पोरांची नावं पाठ झालेली असतात, आजींना तिखट चालत नाही हेही ठाऊक असतं. २०२५ मध्ये इथला दर १६ झाला.

बाकी बऱ्याच जहाजांवर पैसे एका मोठ्या हंडीत जमा होतात आणि तिथून वाटले जातात. समोर दिसणाऱ्या वेटरला वाटा मिळतो, तसा कधीच न दिसणाऱ्या माणसांनाही: खालच्या डेकवर चादरी धुणारे, भांडी घासणारे.

केबिन स्टुअर्डचा एकच दिवस बघा, जहाज बंदराला लागतं तो. सकाळी आठ-नऊपर्यंत जुने प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढू लागतात. मधल्या काही तासांत त्याला आपल्या वाट्याची प्रत्येक केबिन मोकळी करायची असते. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल काढायचे, बाथरूम घासायची, तिजोरीत कुणाचं काही राहिलंय का पाहायचं, पलंगाखाली हात घालून हरवलेला मोजा शोधायचा, जोडलेले पलंग सुटे करायचे नाहीतर सुटे जोडायचे. संध्याकाळी त्याच हातांनी तो टॉवेलचा हत्ती घडवतो आणि पलंगावर ठेवतो. मुलं फोटो काढतात, मोठी माणसं हसतात. सात दिवसांनी पुन्हा हेच, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत. ते सहा महिन्यांचं असतं, कधी आठ-नऊ महिन्यांचंही.

आता एक गोष्ट जी मला मुळीच पटलेली नाही. २०२३ च्या सुरुवातीला नॉर्वेजियनने रोजचा दर वीस डॉलरवर नेला आणि त्याच सुमारास बहुतेक केबिन दिवसातून दोनदाऐवजी एकदाच आवरायचं ठरवलं. रॉयल कॅरिबियननेही त्याच वर्षी साध्या केबिनांची दुसरी फेरी बंद केली. प्रवाशाला वाटतं, जास्त पैसे देऊन कमी सेवा मिळाली, आणि त्याचा राग निघतो दारात उभ्या स्टुअर्डवर. त्या निर्णयात त्या बिचाऱ्याला कुणी विचारलेलंसुद्धा नसतं.

पगार कुणाच्या कायद्याने?

मोठ्या क्रूझ कंपन्यांची मुख्यालयं मायामीत आहेत. पण रॉयल कॅरिबियनची नोंदणी लायबेरियात, नॉर्वेजियनची बर्म्युडात, आणि जहाजांवर झेंडे बहुधा बहामा किंवा पनामाचे. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. त्यामुळे अमेरिकी प्रवाशाला जेवण वाढणाऱ्या गोव्याच्या मुलाला अमेरिकेचं किमान वेतन लागू होत नाही.

खलाशांसाठी जगभराचा एक करार मात्र आहे. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ साली झालं, २०१३ च्या ऑगस्टपासून अमलात आलं आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात कामाच्या तासांची मर्यादा काय आहे? दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, आठवड्याला ७२. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे तास ४८ ठरवले होते. म्हणजे नियम काटेकोर पाळूनही जहाजावरचा माणूस कारखान्यातल्या कामगाराच्या दीडपट राबू शकतो.

ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसच्या जहाजांवर मुंबई-गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करत आली. २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत बातमी आली की या कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांचा मूळ पगार तासाला ७५ पेन्सच्या घरात आहे, आणि टिपची रक्कम आता कामगिरीच्या गुणांशी बांधली जाणार आहे. ब्रिटनच्या जमिनीवर तेव्हा किमान वेतन होतं तासाला ६ पौंड ८ पेन्स. बातमीवर गदारोळ झाला. ज्या पैशाला प्रवासी खुशीने दिलेलं बक्षीस समजत होते, तो खरं तर त्या माणसाचा पगार होता, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

गोव्यात या माणसांना तारवटी म्हणतात. साष्टीत, बार्देशात कितीतरी घरं त्यांच्या पैशावर उभी राहिली. बोटीची वाट बघत ते मुंबईला धोबीतलाव भागात आपापल्या गावाच्या कुडीत उतरायचे. कूड म्हणजे गावाने गावकऱ्यांसाठी चालवलेलं वसतिगृह. ट्रंका ओळीने मांडलेल्या, भिंतीवर गावच्या संताची तसबीर, आणि संध्याकाळी सगळ्यांचं मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. रत्नागिरी-रायगडकडेही ‘मुलगा बोटीवर असतो’ हे वाक्य लग्नाच्या बोलणीत वजन ठेवून असतं. केबिन आवरणाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ‘इंडिया’ दिसलं, तर गाव विचारून बघा. उत्तर मडगाव किंवा मालाड असण्याची चांगलीच शक्यता असते.

पाकिटांचा जमाना

रोजची टिप आपोआप खात्यात चढणं ही तशी अलीकडची रीत. आधी शेवटच्या रात्री पाकिटं वाटली जायची. केबिनमध्ये छापील पाकिटं ठेवलेली असत, त्यांवर हुद्दे लिहिलेले: स्टुअर्ड, वेटर, मदतनीस, हेड वेटर. जेवणानंतर लोक रांगेने पाकिटं द्यायचे, हात हातात घ्यायचे, फोटो व्हायचे. आणि काही टेबलं त्याच रात्री रिकामी दिसायची! पूर्ण आठवडा वाढून घेतलेली माणसं नेमकी शेवटच्या जेवणाला बुफेकडे वळायची.

त्याच्याही मागे गेलं तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर टिपेची यादी केवढी लांब होती. डेकवर खुर्ची मांडून देणारा वेगळा, धूम्रपानाच्या दालनातला वेगळा, अंघोळीचं पाणी तयार झाल्याची वर्दी देणारा वेगळा. टायटॅनिकवरच्या स्टुअर्डचा महिन्याचा पगार होता ३ पौंड १५ शिलिंग. त्या पगारावर घर चालणार नाही, वरचं टिपेतून निघेल, हे कंपनीही धरून चालायची. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडालं आणि त्या क्षणापासून कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. जे वाचले त्यांचाही.

जहाजाच्या पोटात आणखी एक टिप फिरायची, प्रवाशांना न दिसणारी. वेटरला आपल्या टेबलाची थाळी गरमागरम आणि लवकर हवी, तर तो स्वयंपाकघरातल्या माणसाच्या हातावर काही ठेवायचा. लॉन्ड्रीतून टॉवेल वेळेवर हवे, तर तिथेही. म्हणजे प्रवाशाने दिलेल्या नोटेला बोटीतच चार पाय फुटायचे.

मोडलं कशाने हे सगळं? जेवणाच्या वेळेने. रोज त्याच टेबलाशी, त्याच वेळी, त्याच वेटरकडे जेवायचं ही जुनी शिस्त नॉर्वेजियनने २००० साली सैल केली. कुठेही, केव्हाही जेवा म्हटल्यावर पाकीट द्यायचं कुणाला? मग सगळ्यांसाठी मिळून रोजचा एक आकार बसला आणि बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. हॉलंड अमेरिका ही कंपनी ‘टिपेची सक्ती नाही’ हे धोरण बराच काळ मिरवत होती. २००४ मध्ये तिनेही रोजचे दहा डॉलर लावले.

बारपाशी डोळे उघडे

रोजच्या टिपेत बार येत नाही. तिथे प्रत्येक ग्लासावर १८ ते २० टक्के वेगळे. १४ डॉलरच्या कॉकटेलवर १८ टक्के धरले तर खात्यात १६ डॉलर ५२ सेंट पडतात. स्पाचंही तसंच. सहीसाठी जी पावती पुढे येते, तिच्यात टक्के आधीच धरलेले असतात, तरी खाली ‘जादा टिप’ म्हणून एक रिकामी ओळ असते. वाटलं तर जरूर भरा, पण ती दुसरी टिप आहे हे माहीत असू द्या.

नॉर्वेजियनच्या मोफत पेयांच्या पॅकेजची गंमत त्याहून मोठी. पेयं मोफत, पण त्यावरची टिप मोफत नाही! काही वर्षांपूर्वी पॅकेजची किंमत दिवसाला १०९ डॉलर धरली जायची आणि त्याचे २० टक्के प्रवासी भरायचा, म्हणजे माणशी रोज २१ डॉलर ८० सेंट. जो दिवसभरात दोन बिअर घेतो, त्याने आधी कागद-पेन घ्यावं.

देश तसा रिवाज

ऑस्ट्रेलियात टिप द्यायची पद्धतच नाही, म्हणून तिथून सुटणाऱ्या कित्येक जहाजांवर ती भाड्यातच धरलेली असते. जर्मनीच्या आयडा आणि माइन शिफ या जहाजांवरही तेच. आणि २०१२ मध्ये टीका झेललेल्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ च्या मेपासून रोजची टिप बंद करून टाकली. भाडं एकच, वर काही नाही. माझ्या मते योग्य रस्ता हाच. केबिन आवरणाऱ्याचा पगार तिकिटात धरलेला असावा, डिझेलचा खर्च धरलेला असतो तसा.

इजिप्तमध्ये लक्सर ते आस्वान नाईलवरून जाणाऱ्या बोटींवर शेवटच्या दिवशी स्वागतकक्षात एक पेटी येते, तिच्यात सगळ्यांसाठी मिळून पैसे टाकायचे. गालापागोस बेटांकडच्या छोट्या बोटींवर सहसा दोन पाकिटं असतात, एक बोटीच्या माणसांसाठी आणि एक निसर्ग दाखवणाऱ्या गाईडसाठी.

काउंटरवरची रांग

बऱ्याच अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला जाऊन ही रोजची रक्कम कमी करता येते, अगदी काढूनही टाकता येते. आपल्याकडे २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना बिलात सेवाशुल्क आपोआप लावायला मनाई केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ते ऐकून कित्येकांना वाटतं, क्रूझवरही हाच बाणा दाखवावा. पण पुण्याच्या हॉटेलातल्या वेटरच्या मागे आपल्या देशाचा वेतन कायदा उभा असतो. बहामाच्या झेंड्याखाली राबणाऱ्याच्या पाठीशी तुमचे ते साडेअठरा डॉलर असतात. जेवण खरंच वाईट होतं, केबिन घाण होती, तर हेड वेटरला किंवा हाउसकीपिंगच्या प्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुरुस्त होतं. शेवटच्या सकाळी टिप कापली, तर तिची झळ तुमच्याशी कधी संबंधही न आलेल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत जाते.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ टूर कंपनीमार्फत घेत असाल, तर कागदावर ‘ग्रॅच्युइटी’ अंतर्भूत आहे की वगळलेली, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या. आधी भरलेली असेल तर जहाजावरच्या खात्यात ती पुन्हा चढलेली नाही ना, हे दुसऱ्या दिवशीच पाहा.

आणि कुणाला वेगळं काही द्यायचंच असेल, तर डॉलरच्या नोटा द्या. नाणी बदलून मिळत नाहीत. त्याच्याबरोबर, प्रवास संपल्यावर मेलवर जी अभिप्रायाची प्रश्नावली येते, तिच्यात त्या माणसाचं बिल्ल्यावरचं नाव नीट स्पेलिंगसह लिहा. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आणि बढती ठरवताना कंपन्या ते बघतात.