चहाच्या टपरीवर ठरलेली गोष्ट

मार्चमधला दुसरा रविवार आपल्याकडे इतर रविवारांसारखाच जातो. अमेरिकेत मात्र त्या दिवशी घड्याळे तासभर पुढे सरकतात आणि सोमवारपासून छत्रपती संभाजीनगरच्या सिडको, गारखेडा, उल्कानगरीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा न्यूयॉर्कबरोबरचा रात्री आठचा कॉल सातवर येतो. लंडनचे घड्याळ हलते मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे सगळे गणितच वेगळे. हे कालनिर्णयमध्ये सापडत नाही; टीममधल्या कुणीतरी लक्षात ठेवायचे, आणि जेवणाची वेळही त्याप्रमाणे हलवायची.

2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या हिंजवडी-खराडीहून लॅपटॉप घेऊन छत्रपती संभाजीनगरला परतलेल्यांपैकी काही जण पुढेही इथूनच काम करत राहिले. कंपनी पुण्यात, टेस्टर चेन्नईत, क्लायंट अमेरिकेत. कामाची पद्धत मात्र ‘ॲजाइल’, आणि ती घडली एकत्र बसणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यामागच्या 12 तत्त्वांपैकी एक सांगते, की टीममध्ये माहिती पोचवायला समोरासमोर बोलण्याइतका परिणामकारक मार्ग नाही. म्हणून जाडजूड कागदपत्रांना फाटा, छोटे छोटे स्प्रिंट, म्हणजे कामाचे आखीव टप्पे, आणि रोज पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या बैठक. कागद कमी केला तो बोलण्याच्या भरवशावर. पुढे माणसे पांगली, बोलणे आटले, पण कागद काही परत आला नाही.

अंतर म्हटले की पुण्याचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर डोळ्यांपुढे येतात. पण अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी 1977 च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की इंजिनिअरांच्या टेबलांमधले अंतर पन्नासेक मीटरच्या पुढे गेले, की त्यांचे नेहमीचे बोलणे जवळपास थांबतेच. त्या हिशेबाने पलीकडच्या इमारतीतला माणूसही परगावचाच. सगळेच घरून काम करत असतील तर निदान सगळे सारखेच अंधारात असतात. खरे हाल होतात ते अर्ध्या एकत्र, अर्ध्या लांब टीमचे. पुण्यातले चौघे टपरीवर चहा घेताना ठरवतात, की लॉगिनचा भाग या स्प्रिंटमध्ये नको. संभाजीनगरातला पाचवा दोन दिवस तोच भाग लिहीत बसतो. कुणी मुद्दाम लपवलेले नसते. सांगायचे राहून गेलेले असते.

यावर बहुतेक मॅनेजर आणखी एक मीटिंग लावतात, आणि तिथेच चुकते. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45. एवढे सगळे कॉलवर आवरणार कसे? त्यापेक्षा जवळच्याच वाळूजच्या कारखान्यात डोकवावे. पाळी बदलताना मशीन कुठे अडले, कोणता माल बाजूला काढला, कशाची वाट पाहायची, हे वहीत उतरलेले असले की पुढच्या पाळीला आधीच्या माणसाला घरी फोन लावावा लागत नाही. तसेच इथेही व्हावे. दिवस संपताना टिकिटावर, म्हणजे कामाच्या ऑनलाइन नोंदीवर, दोन-तीन ओळी: काय झाले, कुठे अडले, उत्तर कुणाकडे आहे. टपरीवर काही ठरले तर ते ठरवणाऱ्यानेच लगेच लिहावे, आणि लिहिलेले नसेल तर ठरलेच नाही असे धरावे. कॉलवर एक जण जरी लांबून असेल, तर बाकीच्यांनीही एका खोलीत कोंडाळे न करता आपापल्या लॅपटॉपवरून बोलावे. कोंडाळ्यातली कुजबुज माइकला ऐकू येत नाही. शिवाय ती मराठीत असते, आणि चेन्नईचा टेस्टर बिचारा नुसता हसत राहतो.

आपल्या ‘हो’चाही एक घोळ आहे. क्लायंटने विचारले, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ की आपण होईल म्हणतो. नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. त्यातून कॉल इंग्रजीत, समोर दहा चेहरे. तिथे ‘समजले का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. ‘यात काय काय अडू शकेल?’ असे आदल्या दिवशी लेखी विचारले, तर गप्प बसणारी मुलेही नेमके उत्तर देतात, कारण लिहिताना त्यांना विचार करायला वेळ मिळतो.

एवढे करूनही एकदा प्रत्यक्ष भेटावे लागतेच, आणि ते काम सुरू होतानाच. भांडण झाल्यावर नव्हे. अमेरिकेच्या क्लायंटला विमान लागते. संभाजीनगरच्या मुलाला पुण्याची बस पुरते. त्याच्या टेबल-खुर्चीचे भाडे वाचवणारी कंपनी त्या तिकिटाच्या बिलावर मात्र तीन सह्या मागते.