गाडी झोपवायचा वर्ग

पहाटे साडेपाच. खराटा घेऊन यार्ड झाडायला सुरुवात. चाकणच्या निघोज्यात ट्रेलर उभे करायचं हे काँक्रीटचं मैदान मला मोटरसायकल वळणात झोपवायला शिकवण्यासाठी सकाळी आणि चारनंतर भाड्याने मिळतं. मधल्या वेळेत आणि रात्री ते मालवाहू गाड्यांचं. त्यांच्या चाकांना चिकटून रोज कच येते, मुरूम येतो, कुठे डिझेलचा थेंब पडलेला असतो. डिझेलवर लाकडाचा भुसा टाकतो, मग साबणाच्या पाण्याने घासतो. डाग निघाला नाही, तर त्या दिवशीचा सरावाचा गोल बाजूला सरकवतो. गाडी सरळ असताना टायर जेवढी चूक पोटात घालतो, तेवढी वाकल्यावर घालत नाही. म्हणून झाडणं मी कुणावर सोपवत नाही.

साडेसहा. थंडीचे दिवस, काँक्रीट गार, टायरही गार. टायर गार असतानाच हवा मोजायची, चेनगार्डजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवायची. पोरं एकमेकांच्या टायरच्या कडा बघतात. कडेची न घासलेली पट्टी जितकी बारीक, तितका चालवणारा धीट, असा हिशेब आहे त्यांचा. वर्गात ती चर्चा मला चालत नाही. ती पट्टी बारीक करायच्या नादात पोरं भलत्या रस्त्यावर भलतं वाकतात.

सात. बाहेर पहिल्या पाळीच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते, आणि माझ्याकडे असतात दुसऱ्या पाळीची मुलं. रात्रपाळी करून कुणी परस्पर आला, तर त्याला चहा देतो आणि घरी पाठवतो. तो म्हणतो, “सर, मी फ्रेश आहे.” असेल. पण वळणात नजर पुढे न्यावी लागते, आणि थकलेल्या माणसाची नजर पुढच्या चाकाजवळ पडते. त्याला मी गाडीवर बसू देत नाही.

वीस मीटर दोरी धरून खडूने गोल काढायचा आणि पहिल्याच दिवशी त्याचं गणित फळ्यावर लिहायचं. या गोलात ताशी ३० किलोमीटरने फिरायचं तर गाडी साधारण २० अंश वाकते. ४० ने फिरलात तर ३२. आणि ५० ला जवळजवळ ४५. वेग सारखाच दहा-दहाने वाढला, पण वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४५ अंशांवर टायरला गाडी आणि माणसाच्या वजनाइतकाच जोर आडवा पेलावा लागतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर तेवढं करेलही, पण तिथे त्याच्याकडे शिल्लक फारशी उरत नाही. आमच्या काँक्रीटवर कितीही झाडलं तरी धूळ असते. म्हणून आमचा वर्ग ४० ला थांबतो.

मग येते हँडल ढकलायची गोष्ट. मोकळ्या पट्ट्यात ३५-४० च्या वेगाने सरळ जायचं आणि उजवा हात हलकेच पुढे दाबायचा. गाडी उजवीकडे झोपते. दरवेळी नवा माणूस दचकतो, कारण वर्षानुवर्षं तो हेच करत आलेला असतो आणि त्याला ते ठाऊक नसतं. विमान उडवायच्या आधी सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने हेच हेरलं होतं. सायकलवाल्यांना त्याने विचारलं, डावीकडे कसे वळता? कुणालाच ते नीट सांगता आलं नाही. गाडी डावीकडे झुकवायला हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. अडचण अशी की घाबरलेला माणूस हातांचं ऐकत नाही. वळण अंगावर आलं की तो आखडतो, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरतो आणि गाडी सरळच जात राहते. म्हणून नकळत होणारी ही क्रिया मी मुद्दाम, मोजून, पुन्हा पुन्हा करून घेतो.

साडेआठला गोलात. गुडघे टाकीला चिकटलेले, कोपर सैल, हनुवटी जायचंय तिकडे. “खाली बघू नकोस, समोरच्या शंकूकडे बघ,” एवढं एकच वाक्य मी सकाळभर ओरडत असतो. नजर गोलाच्या पलीकडच्या बाजूला गेली की गाडी आपसूक पाच अंश जास्त झोपते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नजर चाकापुढे पडली की वेग तोच असूनही भीती दुप्पट होते. रेस बंद करायची नाही, झटका द्यायचा नाही. हलकी, सलग उघडत न्यायची. वळणात एकदम सोडली की वजन पुढच्या टायरवर कोसळतं, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर दबतात आणि जमीन फूटरेस्टच्या जवळ येते. अमेरिकेत कीथ कोड यांनी १९८० मध्ये शाळा काढून आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहून हे सगळं टप्प्याटप्प्याने मांडलं. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की वळणं ही हिंमत नाही, ते कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं.

पावणेदहा. पोहे, चहा.

दहा वाजता एक मुलगी येते. एका कंपनीत क्वालिटीत आहे, स्कूटरवर ये-जा करते. वळणावर डाव्या बाजूने घर्रर्र आवाज आला आणि ती घाबरली, म्हणून आली. तो मधला स्टँड घासत होता. “ताई, शरीर थोडं आतल्या बाजूला न्या,” मी सांगतो. वाकतं ते गाडी आणि माणूस मिळून. माणूस आत सरकला तर त्याच वेगाला गाडीला कमी झोपावं लागतं, स्टँड जमिनीपासून लांब राहतो. तिला हे एका फेरीत पटतं. “सर, म्हणजे वाकायचं मी, गाडीने नाही?” दोघांनी, पण तुम्ही आधी. स्कूटरवाल्यांसाठी असा वर्ग कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण चाकणच्या रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ तेच असतात.

बारा ते चार यार्ड ट्रेलरवाल्यांचं. मी घरी.

जेवताना एक विचार रोज छळतो. शेजारच्या महाळुंग्यात बजाजच्या कारखान्यात पल्सर बनते, केटीएम बनते. २०१२ च्या जानेवारीत आलेली ड्यूक २०० इथलीच. निघोज्याच्या हद्दीत महिंद्राचा कारखाना आहे, आणि वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयचं केंद्रही. गाडीचा ब्रेक, दिवा, धूर सगळं तपासल्याशिवाय ती रस्त्यावर येत नाही. आणि चालवणारा? आरटीओत चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, झाला पास. त्या वेगाला हँडल उलटं ढकलायची वेळच येत नाही, म्हणजे खऱ्या वळणाची परीक्षा कधीच होत नाही. १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले शंभरातले ९२ चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. एकट्या गाडीच्या अपघातांत नेहमीची चूक दोनपैकी एक: ब्रेक जास्त दाबून घसरणं, नाहीतर वेग जास्त होऊन किंवा पुरेसं न वाकल्याने वळणाबाहेर जाणं. पुरेसं न वाकल्याने! गाडी आणखी वळू शकत होती, माणूस थांबला. माझा सगळा वर्ग या एका कारणासाठी आहे.

चार. पहिली पाळी सुटलेली पोरं. यांना गोल जमलेला आहे, म्हणून यांना रस्त्यावर नेतो. पहिला नियम, यार्डात जितकं वाकलात त्याच्या निम्मंच बाहेर वाकायचं. उरलेलं निम्मं वळण अचानक आवळलं तर किंवा समोर कुत्रं आलं तर वापरायचं.

एमआयडीसीतलं वळण वाचायला वेगळं शिकावं लागतं. टाकी तुडुंब भरलेला ट्रक वळला की डिझेल सांडतं ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला. मुरुमाचा फाटा डांबराला मिळतो तिथे खडी पसरते. कंटेनरच्या आत घुसून वळायचं नाही, त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा खूप आतून येतात आणि ड्रायव्हरला डावीकडचा तो कोपरा दिसत नाही. हे मी थांबून, रस्त्याकडेला उभं राहून दाखवतो. दहा मिनिटांत दोन-तीन ट्रेलर वळतातच.

उजव्या वळणावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण मधल्या रेषेलगत येतं. टायर रेषेच्या आत असतो, पण गाडी झोपली की डोकं आणि खांदा रेषेपलीकडे, समोरून येणाऱ्या टेम्पोच्या वाटेत. भीमाशंकरच्या रस्त्याला घाटात पोरं हेच करतात. आपली लेन सोडलेली नसते, डोकं मात्र सोडलेलं असतं. म्हणून उजव्या वळणाला गाडी लेनच्या मधोमध किंवा डावीकडे ठेवायची आणि वळण उशिरा घ्यायचं, पलीकडचं दिसेपर्यंत थांबून. डाव्या वळणाचा धोका उलटा. तिथे कमी वाकलात तर बाहेर जाऊन थेट समोरच्याच्या लेनमध्ये.

साडेसहा, परत यार्डात. उजेड कमी, म्हणून आता फक्त ब्रेक, तोही सरळ रेषेत. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस आहे, आणि पोरांना वाटतं वाकलेल्या गाडीवरही तो सांभाळून घेईल. वाकल्याचा अंश ओळखणारा एबीएस मोजक्या गाड्यांत आहे, २०२० ची केटीएम ३९० अॅडव्हेंचर त्यातली एक. बाकीच्यांनी आधी गाडी उभी करायची, मग दाबायचं. एकामागून एक, तोंडाने म्हणत: उभी, दाब. उभी, दाब.

सात. एक जण विचारतोच, “सर, गुडघा कधी टेकवायचा?” प्रश्न चांगला आहे, त्याला हसायचं नाही. मोटोजीपीवाले ६० अंशांच्या पुढे जातात, ते त्यांच्या टायरवर, त्यांच्या ट्रॅकवर. तुला खरंच हवं असेल तर पैसे साठव आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेला नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जा. तिथे घसरलास तर थांबायला मोकळी जागा आहे, समोरून काही येत नाही, आणि अॅम्ब्युलन्स उभी आहे. इथे गुडघा टेकवायची जागा नाही. महाराष्ट्रात असा एक ट्रॅक कामगाराच्या खिशाला परवडेल अशा फीमध्ये व्हावा, हे मी जो भेटेल त्याला सांगतो. त्या पोरालाही सांगितलं.

शंकू गोळा केले, ट्रेलरवाल्याला फोन केला. सकाळच्या बॅचमधले बहुतेक जण डाव्या बाजूला ३० अंशांपर्यंत आले आहेत आणि उजव्या बाजूला मनगट रेसवर अडकतं म्हणून २० लाच थांबतात. उद्या गोल उजवीकडून सुरू.