वाचनालयाचे कार्यकारी मंडळ नेमके काय करते?

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा संस्था टिकतात त्या नोकरी-संसार सांभाळून सभेला बसणाऱ्या बिनपगारी कार्यकारी मंडळांमुळे. अध्यक्षांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापले जाते. खरा भार कार्यवाह आणि कोषाध्यक्ष वाहतात. इतिवृत्त लिहिणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात सादर करणे, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज देणे, हे सारे त्यांच्याच माथी. इमारत मात्र त्यांच्या मालकीची नव्हे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. शहरातल्या जागांचे भाव पाहता हे बंधन मला फार मोलाचे वाटते. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा हक्क साध्या सभासदालाही असतो.