आजीचं तिकीट शून्य, बाबांचं फुल्ल!

कॉम्प्युटर किंवा आयटीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कुठल्याही मित्राचा पोर्टफोलिओ उघडून बघा. टू-डू लिस्ट. हवामान दाखवणारं ॲप. एखाद्या शॉपिंग साइटची हुबेहूब कॉपी. कॅल्क्युलेटर. दुसऱ्या मित्राचा उघडा, तेच. मुलाखत घेणाऱ्यानेही त्या दिवशी तेच हवामान चौदा वेळा पाहिलेलं असतं.

आता घरचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. सुट्टीत कुठे जायचं यावर तिथे दोनशे मेसेज पडलेत. भंडारदऱ्याला जायचं तर आजीला चालवेल का? एसटीने गेलो तर किती पडतील? निघोजला रांजणखळगे बघायला आत्ता जाण्यात अर्थ आहे का? रेंज असते का तिकडे? काकूने विचारलेल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालेलं नाही आणि मामाने मधेच गुड मॉर्निंग टाकलंय.

तुमचा प्रोजेक्ट तिथे पडलाय. उचला.

हे मी हवेत बोलत नाहीये. ‘वर्डल’ आठवतंय ना, पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ? जॉश वॉर्डल नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने तो जोडीदार पलक शाह हिला शब्दखेळ आवडतात म्हणून बनवला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द होते बारा हजारांच्या आसपास. त्यातले ओळखीचे अडीचेक हजार तिनेच निवडून दिले. मग तो खेळ घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथे सगळे त्याला चिकटले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. दोन महिन्यांत तीन लाख. जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. पैशांचं सोडा, तसं सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. मला भारी वाटतं ते हे, की पहिली युजर घरातली होती आणि तिने कामही केलं.

आपल्याकडचं उदाहरण तर रोज लाखो लोकांच्या खिशात असतं. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक दाखवणारं ‘एम-इंडिकेटर’. सचिन टेके या मराठी इंजिनिअरने ते २०१० मध्ये आणलं. स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते तेव्हा ते साध्या जावा फोनवर चालायचं आणि वेळापत्रक बघायला इंटरनेट लागत नव्हतं. पुढची गाडी किती वाजता? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर. बास.

मग आपल्या जिल्ह्यातला असा एक प्रश्न कोणता?

मी म्हणेन, तिकीट. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे ते नगर. म्हणजे या विषयावर आपला हक्कच आहे. तर समजा घरातून सहा जण निघालेत. आजी ७८ वर्षांची, बाबा, आई, काकू, तिची आठ वर्षांची मुलगी आणि तुम्ही. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत, म्हणजे आजी शून्य. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे आई आणि काकू मिळून एक. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, म्हणजे बहिणीचं अर्धं. बाबा फुल्ल. तुम्ही मुलगा असाल तर घरचं बिल साडेतीन तिकिटांचं, मुलगी असाल तर तीनचं.

सोपं वाटलं ना? आता कोड लिहायला बसा. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. मग ६८ वर्षांच्या मावशीला ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणून पुन्हा त्याचं अर्धं? नाही, एकच सवलत. पण तुम्ही दोन ‘इफ’ एकाखाली एक लिहिलेत तर तुमचं पान तिला पाव तिकीट देऊन मोकळं होणार. आठ वर्षांच्या मुलीचंही तेच. पाचच्या आतल्या बाळाचं काय? गाडी राज्याची हद्द ओलांडून पुढे गेली तर? पाच-सहा ओळींच्या हिशोबात इतकी वळणं निघतात. मुलाखतीत ‘तुझ्या प्रोजेक्टमध्ये अवघड काय होतं’ असं विचारलं, तर पाव तिकिटाची मावशी सांगा. समोरचा हसेल, आणि त्याला कळेल की तुम्ही खरंच विचार केलाय.

तिकीट झालं की ठिकाणं. आणि इथे आपला जिल्हा डेव्हलपरला घाम फोडतो. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, तालुके चौदा. एका टोकाला अकोल्यात घाट आणि धबधबे, दुसऱ्या टोकाला जामखेड. आता ‘अकोल्यात’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला विदर्भातलं अकोला आठवतं, आपलं अकोले नाही. कर्जतचं तर विचारूच नका. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य कर्जत तालुक्यात. जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, पण मुलांना खरीखुरी काळविटं दिसतात. अष्टविनायकांतलं सिद्धटेकही याच तालुक्यात. पाहुण्यांना नुसतं ‘कर्जतला या’ म्हटलंत तर मुंबईचे पाहुणे लोकलने रायगडच्या कर्जतला उतरतील आणि तिथून फोन करतील.

चांदबीबी महाल घ्या. नगरमध्ये शाळेच्या सहलीला तिथे गेला नाही असा माणूस विरळा. पण तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. तुमच्या यादीत कोणतं नाव लिहाल? लोक शोधतात ते, की खरं आहे ते? दोन्ही लिहा. माझं मत विचाराल तर लोक शोधतात ते वर आणि खरी गोष्ट लगेच खाली, कारण नावच सापडलं नाही तर खाली लिहिलेलं वाचणार कोण?

आणि जिल्ह्याचं स्वतःचं नाव! २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, ३१ मे १७२५. पाट्या बदलतात, कागद बदलतात. पण माणसं शोधताना ‘नगर’ टाकतात, सवयीने ‘अहमदनगर’ टाकतात, शाळकरी मुलं ‘अहिल्यानगर’ टाकतात. (आमच्या डेस्कवर मी नुसतं ‘नगर’ लिहिलं की कॉपी परत येते. या लेखात किती टिकतात बघू.) तुमच्या पानाला या तिघांनाही एकाच ठिकाणी पोहोचवता आलं पाहिजे. त्यासाठी एक साधी शिस्त पाळा. ठिकाणाची ओळख नावावर ठेवू नका. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि नावं त्याला जोडा, जुनी, नवी, बोलीतली, सगळी. नाव बदललं तर एक ओळ बदलेल, आख्खं पान कोसळणार नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्यातही जुन्या नावासाठी वेगळा रकाना आहे. तो नकाशा तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. गावाकडची वाट, पाण्याची टाकी, देवळामागची स्वच्छतागृहं, सगळं टाकता येतं. फक्त गुगलच्या नकाशावरून बघून उतरवायचं नाही, स्वतः पाहिलेलंच टाकायचं.

मराठीत लिहायचं ठरवलंत तर आणखी एक गंमत. जावास्क्रिप्टला ‘श्रीगोंदा’ची लांबी विचारा. उत्तर येतं ९. अहो, तीन तर अक्षरं आहेत! श्री, गों, दा. पण मशीन काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं सुटं मोजतं. म्हणून नावाची पहिली काही अक्षरं कापून छोटं बटण करायला जाल तर ‘श्’ एवढंच उरेल आणि श्रीगोंदेकर चिडतील. युनिकोडने जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम २०२३ मध्ये आणला, पण जुन्या फोनवर भरवसा ठेवू नका, तपासून घ्या. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे हे नक्की लिहा. हिंदीचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे असतात. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि कोणतं दाखवायचं हे तो त्या एका शब्दावरून ठरवतो.

आता खरं काम. माहिती. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, हे कुणालाही सापडतं. ते पुन्हा लिहून काय मिळणार? बारी गावातून चढायला लागल्यावर वाटेत लोखंडी शिड्या लागतात, त्या आजीला झेपतील का, हे लिहा. ज्यांना वर जायचं नाही ते खाली कुठे बसतील, चहा कुठे मिळेल, हे लिहा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मात्र गावातच आहे, गड चढावा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही बातमी आहे. नगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे, तर ओळखपत्र जवळ असू द्या. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं तो हाच किल्ला. आजोबांना हे आधी सांगू नका, नाहीतर ते रस्ताभर इतिहास सांगतील. किंवा सांगा, रस्ता लांब आहे.

घाटात रेंज जाते, त्यामुळे पान एकदा उघडलं की नेट नसतानाही चाललं पाहिजे. मोठे फोटो टाळा. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून ठेवायला त्यांच्या नियमात परवानगी नाही, म्हणून वाट शब्दांत लिहा: ‘पुलानंतर डावीकडे, शाळेच्या पुढे’. आपली माणसं पत्ता असाच सांगतात.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे उन्हाळ्यात बघणं वेगळं आणि नदीला पाणी असताना त्या कड्यांवर उभं राहणं वेगळं. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूच्या वाटा निसरड्या होतात, धबधबे रात्रीत रूप बदलतात. तुम्ही मे महिन्यात जाऊन ‘मुलांसाठी एकदम सेफ’ लिहिलंत आणि कुणीतरी ते जुलैत वाचून कडेवर पोर घेऊन गेलं तर? पान छोटं असलं तरी त्यावर विश्वास ठेवणारा माणूस खरा असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे तारीख हवीच: ‘आम्ही इथे अमुक महिन्यात गेलो होतो’. सवलतींच्या नियमापुढेही तपासल्याची तारीख टाका. वर्षभरात पुन्हा बघितलं नाही तर तो मजकूर आपोआप फिका दिसेल असं करा. दोन ओळींचं काम आहे, आणि कुठल्याही क्लोन साइटमध्ये ते नसतं.

घरच्यांचे फोटो टाकताना त्यात दडलेलं लोकेशन काढून टाका, आणि घरी परतल्यावरच टाका. सगळे सिद्धटेकला असताना घराला कुलूप आहे हे जगाला कळायची गरज नाही.

चौदाही तालुके पहिल्याच महिन्यात भरायला जाऊ नका. एक तालुका, पाच ठिकाणं, एक तिकिटाचा हिशोब. मग मोबाइल आजीच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. ‘इथे दाब’ म्हणायचं नाही. तिने कुठे बोट ठेवलं, कुठे थांबली, कुठे परत आली, ते वहीत लिहून घ्या. तिने चष्मा मागितला, तर आधी अक्षरं मोठी करा.